दातवाल्याचं व्याकरण

७ ऑक्टोबर, मंगळवार

दातवाल्याशी आजपासून बोलणं बंद. याची कुठेतरी नोंद असावी म्हणून ही वही उघडली. सुनेने ती मागेच आणून दिली होती. झोप लागत नाही तर मनात येईल ते लिहीत जा, म्हणाली होती. मनात काही येत नव्हतं, म्हणून लिहिलं नाही. आज आलंय.

झालं असं. मी पलंगावर पडलो होतो. ही गेल्यापासून मी बहुतेक पडूनच असतो. दातवाला आला, खुर्ची ओढून बसला आणि हवापाण्याचं बोलावं तसं सहज म्हणाला की पैगंबरसाहेबांना लिहिता-वाचता येत नव्हतं, हे आपण उगाच धरून बसलोय. ग्रंथात त्यांना 'उम्मी' म्हटलंय, त्याचा अर्थ निरक्षर असा नाहीच. ज्या लोकांकडे आधी कुठलाच ग्रंथ आला नव्हता, त्या लोकांतला माणूस, एवढाच त्याचा अर्थ.

मी उभं आयुष्य शाळेत अरबी व्याकरण शिकवलं. मशिदीच्या मागच्या खोलीत दर शुक्रवारी ग्रंथाचा अर्थ सांगितला, ही जाईपर्यंत सांगितला. आणि जन्मभर लोकांच्या दाढा उपटणारा हा माणूस माझ्याच उशाशी बसून मला शब्दार्थ सांगतो. वर शब्दही धड उच्चारत नाही. 'उमी' म्हणाला. मी उठून बसलो आणि म्हणालो, आधी 'म' जोडून म्हण, मग बोल. तर म्हणे, त्याने काय फरक पडतो.

एका 'म'ने काय फरक पडतो हे मी त्याला सांगितलं. बराच वेळ सांगितलं. तेवढ्यात सून चहा घेऊन आली. ट्रेमध्ये तिघांचे कप होते, म्हणजे तो येणार हे तिला आधीच कसं कळलं कोण जाणे. बोलण्याच्या भरात मी बशीतली सगळी बिस्किटं खाल्ली. दातवाला जाताना म्हणाला, तुझं म्हणणं बरोबर असेल तर पुराव्यानिशी दाखव. मी म्हणालो, तुझ्याशी मी बोलत नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी कपाटावरून मोठा शब्दकोश काढला. सून इस्पितळात एक्स-रे काढायच्या विभागात आहे. ती निघताना बजावून गेली होती की स्टुलावर चढू नका. चढलो. कोशावर बोटभर धूळ.

'उम्म' म्हणजे आई. आईच्या पोटातून आला तसाच राहिलेला, अक्षराचा स्पर्श न झालेला, तो उम्मी. हे माझं मूळ. 'उम्मा' म्हणजे लोकसमूह. ज्यांना ग्रंथ नाही अशा लोकांपैकी एक, तो उम्मी. हे दातवाल्याचं मूळ. कोशकाराने दोन्ही अर्थ दिलेत आणि स्वतः अंग काढून घेतलंय. भित्रा माणूस.

जेवायचं राहिलंच. दुपारी उशिरा लक्षात आलं तेव्हा ओट्याशी उभ्यानेच जेवलो. भूक लागली होती.

११ ऑक्टोबर, शनिवार

दातवाल्याला फोन केला. बोलणं बंद आहे, पण चूक दुरुस्त करणं म्हणजे बोलणं नव्हे.

त्याला सांगितलं, पहिल्या साक्षात्काराची गोष्ट आठव. गुहेत देवदूत म्हणाला, 'वाच.' पैगंबरसाहेब म्हणाले, 'मी वाचणारा नाही.' आणखी काय पुरावा हवा? मला वाटलं, संपलं. तर तो म्हणाला, मास्तर, मी एके ठिकाणी असं वाचलंय की त्या उत्तराचा दुसरा पाठही सांगितला जातो, आणि त्याचा अर्थ होतो, 'मी काय वाचू?' ज्याला वाचताच येत नाही तो 'काय वाचू' कशाला विचारेल? आणि मुळात त्या क्रियापदाचा अर्थ कागदावरचं वाचणं आहे की मोठ्याने म्हणणं?

प्रश्न वाईट नाही. त्याच्या डोक्यातून आला म्हणून मला आश्चर्य वाटलं. मी म्हणालो, पाहून सांगतो. पण ते क्रियापद त्याने अशा रूपात वापरलं होतं की माझ्या सातवीच्या मुलांनीही दात काढले असते. ते रूप मी त्याच्याकडून फोनवर पाठ करून घेतलं. मागे त्याच्या खुर्चीतला रोगी तोंड उघडं ठेवून वाट पाहत होता, असं त्याने शेवटी सांगितलं. आधी सांगायला काय झालं होतं?

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आज सार्वजनिक ग्रंथालयात गेलो. माझ्याकडे जुन्या भाष्यांपैकी एकच आहे, आणि तेही अर्धं. विजार कमरेत इतकी सैल झाली होती की पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडावं लागलं. दाढीही वाढली होती, म्हणून वाटेत न्हाव्याकडे बसलो. तो माझ्याशी असा जपून बोलत होता जसा मी काचेचा आहे. मीच त्याला उम्मी शब्दाचा अर्थ सांगितला. त्याने ऐकून घेतलं, कारण वस्तरा माझ्या गळ्यावर असला तरी बोलणारा मीच होतो.

ग्रंथपाल जुना ओळखीचा. त्याने माझ्यासाठी खिडकीजवळचं टेबल आधीच मोकळं करून ठेवलं होतं. मी येणार हे कुणी सांगितलं विचारलं, तर म्हणाला की असाच अंदाज केला. ग्रंथपालांना बरंच कळतं.

तिथेच दातवाला उपटला आणि त्याने सगळ्यांसमोर मला आव्हान दिलं. रविवार बघून वरच्या सभागृहात जाहीर चर्चा करू, म्हणाला. शहाणा असतो तर नाही म्हणालो असतो. पण ग्रंथपालाच्या तोंडावर त्याने पुन्हा 'उमी' म्हटलं. मी हो म्हणून बसलो. ९ नोव्हेंबर ठरला.

घरी येऊन सुनेला सांगितलं तेव्हा वाटलं, ती रागावेल, दगदग कशाला म्हणेल. ती म्हणाली, अब्बा, मग तुमचा तो राखाडी कोट धुवायला टाकते. आणि लगेच स्वयंपाकघरात जाऊन कुणाशी तरी हळू आवाजात फोनवर बोलत बसली. मुलगा जहाजावर असतो, त्याचाच असेल. नवरा इतका लांब असला की पोरीने फोनवर बोलावं, त्यात काही गैर नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

दिवसभर त्या क्रियापदामागे होतो. दातवाल्याचं अर्धं बरोबर आहे, हे लिहिताना हात जड होतो. त्या काळात 'वाच' म्हणजे मुख्यतः 'मोठ्याने म्हण, ऐकव'. कागद असेल, नसेल. ग्रंथाच्या नावातच ते क्रियापद आहे. तो आधी ऐकला गेला, मग कातड्यांवर, हाडांवर, खजुरीच्या देठांवर लिहिला गेला.

यावरून हिची आठवण आली. ती यायला काही लागतंच असं नाही.

हिला वाचता येत नव्हतं. संध्याकाळी चहा झाला की ती शिवणाचं काम घेऊन बसायची आणि मी वाचायचो. ग्रंथ, भाष्य, वर्तमानपत्र, औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा. अर्थ सांगायचो, ती मध्येच एखादा प्रश्न विचारायची, मी वैतागायचो, पुन्हा वाचायचो. लग्न झालं तेव्हापासून मी म्हणत होतो की चल, तुला अक्षरं शिकवतो, हुशार आहेस, महिन्याभरात वाचायला लागशील. ती हसून म्हणायची, "मग तुम्ही काय कराल?" मी म्हणायचो, मला माझी कामं काय कमी आहेत? त्यावर ती सुईत दोरा ओवायला लागायची. शेवटपर्यंत शिकली नाही. आळस, दुसरं काय. एवढ्या कामसू बाईला नेमका याच एका गोष्टीचा आळस का असावा, हे मला कधी कळलं नाही.

ती गेल्यापासून मी मोठ्याने काही वाचलेलं नाही. ग्रंथही मनातल्या मनातच. इमामसाहेब दोनदा येऊन गेले, शुक्रवारची मागची खोली रिकामी पडलीये म्हणाले. मी सांगितलं, घसा साथ देत नाही. घशाला काहीच झालेलं नाही.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

मशिदीच्या समितीचे अध्यक्ष घरी आले होते. कापडाचे घाऊक व्यापारी, माणूस वाईट नाही, पण कुठल्याही गोष्टीचं माप काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. बसल्या बसल्या आमच्या पडद्याचं कापडही चिमटीत धरून पाहिलं.

गावात चर्चा सुरू झाली आहे, म्हणाले. दातवाला पैगंबरसाहेबांचा चमत्कार नाकारतो. निरक्षर माणसाच्या मुखातून असा ग्रंथ आला, यातच तर त्याची थोरवी आहे. आणि हा म्हणतो, त्यांना वाचता येत होतं. उद्या म्हणेल, त्यांनीच कुठून तरी उतरवून घेतला. हा अपमान आहे. तुम्ही जाणकार, तुमचा शब्द लोक मानतात. त्यांनी खिशातून टंकलेलं निवेदन काढलं. दातवाल्याचं बोलणं श्रद्धेला धरून नाही, कुणी त्याच्या सभेला जाऊ नये, असा मजकूर. खाली माझ्या सहीला जागा.

मी म्हणालो, तो असं म्हणतच नाही. तो एका शब्दाचा अर्थ वेगळा लावतो. तो अर्थ चुकीचा आहे हे मी नऊ तारखेला दाखवीन. पण चुकीचा अर्थ लावणं म्हणजे अपमान नव्हे. पहिल्या पिढ्यांचे भाष्यकार एकेका शब्दाखाली पाच-सहा मतं लिहायचे, कुणी कुणाकडून ऐकलं ते नावानिशी द्यायचे. एकमेकांच्या विरुद्ध मतं शेजारी शेजारी, एकाच पानावर. मग स्वतःचं मत, आणि शेवटी, खरं काय ते अल्लाहच जाणे. ते काय श्रद्धेत कमी होते?

अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे तुम्ही त्याच्या बाजूचे?"

"मी त्याच्या विरुद्ध आहे. म्हणून तर तो बोलला पाहिजे. तो गप्प बसला तर मी विरुद्ध कुणाच्या राहू?"

त्यांनी कागद तिथेच ठेवला, विचार करा म्हणाले. मी विचार केला. दातवाल्याला मूर्ख म्हणायचा हक्क मी वर्षानुवर्षं कमावलेला आहे. तो मी समितीला देणार नाही. कागद सुनेने उचलला आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातला. टेबल आता हलत नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

ग्रंथालयात माझा हुकमी पत्ता पक्का झाला. ग्रंथात एके ठिकाणी, ज्यांना आधीच ग्रंथ मिळाला होता त्या लोकांबद्दल बोलताना, त्यांच्यातही काही उम्मी आहेत, असं म्हटलंय. ग्रंथ काय आहे ते त्यांना कळत नाही, नुसत्या कल्पना धरून बसलेत. आता दातवाल्याचा अर्थ इथे लावून बघा. ज्यांच्याकडे ग्रंथ आहे, त्यांच्यातलेच काही 'ग्रंथ नसलेले' कसे असतील? म्हणजे उम्मी म्हणजे निरक्षरच. दातवाला संपला.

खात्री करावी म्हणून मोठ्या भाष्याचा पहिला खंड काढून घेतला, आणि त्या जागेचं भाष्य उघडलं. आता मला जे दिसलं ते लिहितो.

भाष्यकार आधी माझाच अर्थ देतो. मग म्हणतो की पहिल्या पिढीतल्या एका थोर जाणकाराच्या नावावर वेगळं मतही सांगितलं जातं. ते असं की, हे उम्मी म्हणजे ज्यांनी कुठला प्रेषित मानला नाही, कुठला ग्रंथ मानला नाही, आणि स्वतःच्या हाताने ग्रंथ लिहून तो देवाचा म्हणून खपवला. स्वतःच्या हाताने लिहिला. म्हणजे त्यांना लिहिता येत होतं, आणि तरी ते उम्मी. भाष्यकार पुढे हे मत नाकारतो, अरबांच्या बोलण्यात हा अर्थ रूढ नाही म्हणतो. पण नाकारण्याआधी त्याने ते पुरं लिहून ठेवलंय.

दातवाल्याला हे सापडलं तर माझा हुकमी पत्ता गेला. पण त्याला कुठून सापडणार? एवढी जुनी भाषा त्याच्या बापजन्मी समजणार नाही.

गंमत म्हणजे नेमक्या त्या पानात कुणीतरी खुणेसाठी दातवाल्याच्या दवाखान्याचं कार्ड घालून ठेवलं होतं. 'आपली पुढची भेट' छापलेलं, कोरं. ग्रंथपालाचे दात दुखत असावेत. त्याला विचारलं तर गडबडून हो म्हणाला, आणि गाल धरला. मी त्याला लवंग धरायला सांगितली.

६ नोव्हेंबर, गुरुवार

दातवाल्याच्या दवाखान्यात गेलो, त्याची तयारी कुठवर आलीये ते बघायला. बाहेरच्या खोलीत एकही माणूस नव्हता. एरवी तिथे बसायला जागा नसते. मदतनीस बाई अवजारं पुन्हा पुन्हा पुसत होत्या.

तो स्वतःच रोग्याच्या खुर्चीत आडवा होऊन छताकडे बघत होता. म्हणाला, या आठवड्यात बरेच जण आले नाहीत, समितीच्या माणसांनी लोकांना काही सांगितलं असेल. मग म्हणाला, मास्तर, नऊ तारखेचं राहू दे का? माझं काय, मी निभावून नेईन, पण तुलाही लोक बोलतील. तुला आत्ता कुठे बरं वाटायला लागलंय.

मला बरं वाटायला लागलंय हे याला कुणी सांगितलं? मी आजारी कधी होतो?

मी त्याला सरळ सांगितलं की आता माघार नाही. तू जे म्हणतोस ते चूक आहे, पण ते म्हणण्यासारखं आहे. तुझ्या आधी फार मोठ्या माणसांनी ते म्हटलंय. एका संधिपत्रावरचा शब्द खोडायचा होता तेव्हा पैगंबरसाहेबांनी 'तो कुठे आहे ते दाखव' म्हटल्याचं सांगतात, आणि त्याच प्रसंगाच्या दुसऱ्या कथनात त्यांनी लिहिलं असंही येतं. या दुसऱ्या कथनाचा शब्दशः अर्थ घेतला म्हणून नंतरच्या काळात एका पंडितावर लोक तुटून पडले होते. तोही डगमगला नाही. आणि तुझ्यामागे तर मी आहे. म्हणजे तुझ्या विरुद्ध आहे, पण आहे.

तो खुर्चीतून उठला आणि मला तिथे बसवलं. मग म्हणाला, तोंड उघड, आलाच आहेस तर दात बघतो. डाव्या बाजूची एक दाढ किडलीये म्हणे. मला शंका आहे. त्याला फक्त मला गप्प करायचं होतं.

८ नोव्हेंबर, शनिवार

उद्याचा विचार करतोय. ते मत माझ्याकडे आहे, दातवाल्याकडे नाही. मी त्याबद्दल बोललो नाही तर खोटं बोललो असं होत नाही. वकील असंच करतात.

सुनेला विचारलं, असा पेच आहे, तू काय केलं असतंस? ती कोटाचं बटण लावत होती. म्हणाली, "अम्मी असत्या तर तुम्ही ते त्यांना वाचून दाखवलं असतं ना?"

दाखवलं असतंच. हिला सगळंच वाचून दाखवायचो. पण त्याचा इथे काय संबंध?

९ नोव्हेंबर, रविवार

सगळं नीट लिहितो, कारण नंतर दातवाला आपल्याला हवं तसं सांगत सुटेल.

सभागृह भरलं होतं. अध्यक्ष पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून. इमामसाहेब मध्यस्थ. तरुण आहेत, पण आवाजाला पाणी आहे. सून तिसऱ्या रांगेत, इस्पितळातल्या दोघी मैत्रिणींना घेऊन.

दातवाला आधी बोलला. बरा बोलला. सुरुवातीलाच त्याने सांगितलं की माझी श्रद्धा तुमच्याइतकीच आहे, मी फक्त एक शब्द धुऊन पुसून पाहतोय. लोकांची कुजबुज थोडी कमी झाली. 'उम्मी'तला 'म' त्याने नीट जोडून म्हटला. मला बरं वाटलं.

मग मी उठलो. कोशातली मूळं सांगितली, गुहेतला प्रसंग सांगितला, आणि शेवटी तो हुकमी पत्ता टाकला. ज्यांच्याकडे ग्रंथ आहे त्यांच्यातले उम्मी कोण? मित्राने उत्तर द्यावं. टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी घडी सोडून वाजवल्या.

दातवाला उभा राहिला. कागद चाळले, पाणी प्यायला, पुन्हा कागद चाळले. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. दाढ काढायला सांगा, असं कुणीतरी म्हणालं. तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर घाबरल्याचं काही दिसत नव्हतं, पण घाबरलेला माणूस कधीकधी असा शांत दिसतो.

मला ते हसू सहन झालं नाही. मी परत उठलो आणि म्हणालो, "याला उत्तर आहे. माझ्या मित्राला सापडलेलं नाही, मला सापडलंय. ते त्याच्या बाजूचं आहे, म्हणून मी त्याच्या वतीने वाचतो."

खंड टेबलावर होताच. उघडला, आणि उभ्याने मोठ्याने वाचायला लागलो. पहिल्या ओळीला आवाज फुटेना. मधल्या काळात तो कुठे जाऊन बसला होता कोण जाणे. मी थांबलो. मी मान वर केली आणि सवयीने उजवीकडे पाहिलं, जिथे ही शिवण घेऊन बसायची. तिथे खिडकी होती. मग परत पहिल्यापासून सुरुवात केली, आणि या वेळी आवाज आला. एकदा आला तो आला. मूळ वाचलं, अर्थ सांगितला, मत कुणाचं, कुणाकडून कुणी ऐकलं, भाष्यकाराने ते का नाकारलं, मीही का नाकारतो, सगळं. नाकारायचं असेल तर आधी पुरं वाचून दाखवायचं, ही त्या लोकांची रीत होती, हेही सांगितलं.

एवढ्यावर बसायला हवं होतं. पण बोलत गेलो. त्या काळचं लिखाण कसं होतं ते लोकांना सांगितलं. अक्षरांवर ठिपके क्वचितच, स्वरांच्या खुणा नाहीत. एक छोटी वर आलेली रेघ, तिला ब म्हणा, त म्हणा, न म्हणा, य म्हणा. लिपी शिकवताना त्या रेघेला आम्ही दातच म्हणतो, आणि कुठला दात कुठल्या अक्षराचा हे माझ्या मित्रालाही सांगता यायचं नाही. इथे लोक मोकळे हसले, दातवालाही हसला. ज्याने आधी कानाने ऐकलंय त्यालाच ते लिखाण भराभर वाचता यायचं. लेखणी आठवण द्यायची, पण आधी कुणाच्या तरी तोंडून ऐकावं लागायचं. तेव्हा साक्षर आणि निरक्षर यांच्यामध्ये आपण आज जी भिंत बघतो, ती तेव्हा तशी नसावी. मी निरक्षर हाच अर्थ धरतो. पण त्यात उणेपण नव्हतं. आणि वाचता न येणारं माणूस रोज ऐकत असेल, तर वाचणाराही त्याच्याच जिवावर वाचत असतो.

हे शेवटचं वाक्य मी टिपणात लिहिलेलं नव्हतं. ते कुठून आलं ठाऊक नाही. सुनेने तेवढ्यात डोळ्यांना रुमाल लावला. सभागृहात धूळ फार.

एक म्हाताऱ्या बाई उठल्या. म्हणाल्या, मला वाचता येत नाही, घरात वाचून दाखवणारं आता कुणी राहिलं नाही, तर हे शुक्रवारचं तुमचं पुन्हा कधी सुरू होणार? हा प्रश्न विषयाला धरून नव्हता. इमामसाहेबांनी तो नामंजूर करायला हवा होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी येत्या शुक्रवारी म्हणून बसलो.

इमामसाहेबांनी निकाल दिला नाही. दोन्ही मतं त्यांनी पुन्हा स्वच्छ शब्दांत मांडली आणि खरं काय ते अल्लाहच जाणे, म्हणून सभा संपवली. अध्यक्ष माझ्यापाशी आले. जिंकलेला सामना हातचा घालवलात, म्हणाले. मग जरा घुटमळून त्या पानाचा क्रमांक विचारला. जाताना दातवाल्यापाशी थांबले, आणि मंगळवारी वेळ आहे का, असं काहीतरी विचारत होते. त्यांची वरची दाढ बरेच दिवस दुखतेय, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे.

खंड ग्रंथपालाच्या ताब्यात देऊन मी खाली आलो. लवंगेचा गुण आला का विचारलं, तर तो म्हणाला, कसली लवंग? जिन्याच्या शेवटच्या वळणावर होतो तेव्हा दातवाला आणि सून फाटकाशी उभे होते. माझ्याकडे पाठ होती. दातवाला तिला म्हणत होता, "मास्तर वाचला गं."

मी वरूनच त्याला थांबवलं. 'मास्तर वाचला' नव्हे, 'मास्तरांनी वाचलं'. क्रियापद सकर्मक आहे, भूतकाळ आहे, कर्त्याला प्रत्यय लागतोच. अरबीचं सोड, निदान स्वतःची भाषा तरी धड बोल. त्याने दोन्ही कान पकडले आणि चुकलं म्हणाला. नाक मात्र लाल झालं होतं, सर्दी झाली असावी.

सून सहसा माझा शब्द मोडत नाही. आज मोडला. माझ्या हातातली पिशवी घेतली, माझा हात स्वतःच्या हातात धरला आणि म्हणाली, "नाही अब्बा. या वेळी काकांचं व्याकरण बरोबर आहे."

मी वाद घातला नाही. पोर दिवसभर दमली होती. पण व्याकरण ते व्याकरण. शुक्रवारी दोघांनाही मागच्या खोलीत यायला सांगितलंय, अगदी पहिल्या पाठापासून घ्यावं लागणार.